दोन गाण्यांमधला सांधा: मिक्स जुळवताना नेमकं काय जुळवायचं

सलग जोडलेल्या गाण्यांच्या मिक्सबद्दल बोलणं निघालं की सगळा वेळ निवडीवर जातो. कोणतं गाणं घेतलं, कोणतं सुटलं, अमक्यानंतर तमकंच का. निवड महत्त्वाची आहेच, पण उत्तम निवड असलेले कितीतरी मिक्स सांध्यांवर फसतात. एक गाणं संपता संपता दुसरं सुरू होतं त्या १५-२० सेकंदांत कानाला काहीतरी खटकतं, आणि काय खटकलं ते मात्र सांगता येत नाही. खटकण्याची कारणं थोडीच आहेत: आवाजाची पातळी, लय, पट्टी आणि खालचे सूर (बास). चारही मोजता येतात. त्यामुळे सांधा नीट बसवणं हे उपजत कानाच्या लोकांचंच काम आहे, असं समजायचं कारण नाही.

आधी रेकॉर्डिंग कोणतं ते ठरवा

गाणं एक असतं, रेकॉर्डिंग्ज अनेक. मूळ अल्बममधलं, रेडिओसाठी कापलेलं, मैफलीत गायलेलं, वीस वर्षांनी रिमास्टर केलेलं (म्हणजे मूळ टेपवरून आवाज नव्यानं नीट केलेलं), दुसऱ्या संग्रहासाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं. सगळ्यांचं नाव तेच. दोन चाहते एका गाण्यातल्या शब्दावरून तासभर वाद घालतात, तेव्हा पुष्कळदा दोघंही बरोबर असतात, कारण दोघांनी वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज ऐकलेली असतात. मिक्सच्या बाबतीतही हेच. तुम्ही पाठवलेली यादी पाहून कुणी तसाच मिक्स बांधायला घेतला आणि त्याच्याकडे रेडिओची आवृत्ती असली, तर सुरुवातीचा वाद्यांचा तुकडाच गायब असतो आणि तुमच्या वेळा त्याच्या काही कामाच्या राहत नाहीत.

रेकॉर्डिंग ओळखायची पक्की खूण म्हणजे आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक. पहिली दोन अक्षरं देशाशी जोडलेली, पुढच्या तीन खुणा नोंदणी करणाऱ्याच्या, मग वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकड्यांचा अनुक्रम. वर्ष असतं ते क्रमांक दिल्याचं. गाणं त्याआधी कित्येक वर्षं रेकॉर्ड झालेलं असू शकतं, म्हणून त्यावरून गाण्याचं वय ठरवू नका. क्रमांक मिळत नसेल तर लांबी सेकंदांसकट लिहा. ४:१२ आणि ३:४८ ही दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज आहेत हे कुणालाही लगेच कळतं. एक-दोन सेकंदांचा फरक मात्र नुसत्या शेवटच्या शांततेचाही असू शकतो.

रिमास्टर घेताना दोन गोष्टी तपासा. तो मूळ आवृत्तीपेक्षा बऱ्याचदा काही डेसिबलनं मोठा असतो. आणि जुन्या टेपचा वेग दुरुस्त केलेला असेल तर त्याची लय आणि पट्टी दोन्ही मूळ आवृत्तीपेक्षा किंचित सरकलेल्या असतात.

फाइल: गेलेलं परत येत नाही

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात, म्हणजे तासाला ६३५ एमबी. फ्लॅक या फाइल प्रकारात हीच माहिती काहीही न गमावता साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत बसते. एमपीथ्री वेगळ्या वाटेनं जागा वाचवतो: मोठ्या आवाजाखाली दबून जे कानाला ऐकूच येणार नाही, ते तो टाकून देतो. ३२० किलोबिटला तासाभराचा मिक्स १४४ एमबी होतो, १९२ ला सुमारे ८६ एमबी.

अडचण सुरू होते ती टाकून दिलेल्यातून पुन्हा टाकून देताना. मिक्स बांधताना तुम्ही एमपीथ्री उघडता, बदल करता, परत एमपीथ्री म्हणून साठवता. मग ज्या सेवेवर चढवता ती स्वतःच्या पद्धतीनं तिसऱ्यांदा दाबते, म्हणजे लहान करते. दर फेरीत झांजांची किणकिण खरखरीत होते आणि ‘स’, ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे वाटू लागतात. म्हणून बांधकाम वेव्ह (न दाबलेली फाइल) किंवा फ्लॅकमध्ये करा, चढवतानाही शक्य असेल तर फ्लॅकच द्या, आणि कुणाला थेट पाठवायचा असेल तेव्हाच शेवटी एकदा दाबा. अशा थेट पाठवण्यासाठी ओपस हा प्रकार एमपीथ्रीपेक्षा कमी जागेत चांगला आवाज देतो. १२८ किलोबिटला तासाचे ५८ एमबी होतात आणि बहुतेकांना त्यात काही कमी जाणवत नाही.

१२८ किलोबिटचा एमपीथ्री ३२० म्हणून साठवला तर फाइल मोठी होते, आवाज सुधारत नाही. मिळालेली फाइल अशी फुगवलेली आहे का हे ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या उंचीचे सूर किती आहेत ते दाखवणारा आलेख, उघडून पाहता येतं. १२८ च्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास वर सरळ रेघ मारल्यासारखा अंधार दिसतो. मूळ रेकॉर्डिंगच जुनं असेल तर वरचा भाग आपोआपच रिकामा असतो. पण तिथे कड हळूहळू विरते, सुरीनं कापल्यासारखी नसते.

आवाजाची पातळी: इथे सर्वात जास्त वेळ द्या

आमच्या मते नवशिक्या मिक्सची पहिली चूक लयीची नसते, पातळीची असते. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ऐकणाऱ्याला आवाजाचं बटण फिरवावं लागलं, की बाकी सगळी मेहनत वाया.

गाण्याचा शिखरबिंदू, म्हणजे लाटेचं सर्वात उंच टोक, हा मोठेपणाचा माप नव्हे. दोन गाण्यांची शिखरं सारखीच शून्य डेसिबलला, म्हणजे फाइलमधल्या कमाल पातळीला, टेकलेली असतात आणि तरी एक दुसऱ्याच्या दुप्पट मोठं वाटतं, कारण कान टोकं मोजत नाही, काही काळाची सरासरी शक्ती मोजतो. म्हणून ‘सगळी गाणी नॉर्मलाइझ केली’, म्हणजे एका पातळीला आणली, असं कुणी म्हटलं की विचारायचं, शिखरानं की लाउडनेसनं, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणानं? शिखरानं केलेलं नॉर्मलायझेशन मिक्ससाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

लाउडनेस मोजायचं एकक एलयूएफएस. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीत ही मोजणी ठरली आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारकांच्या संघानं तिच्यावर आधारित आर१२८ नियम काढला, ज्यात प्रसारणासाठी उणे २३ ही पातळी आहे. गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा साधारण उणे १४ च्या आसपास खेळतात. आकडा उणे असल्यामुळे गोंधळ होतो, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: शून्याच्या जेवढं जवळ, तेवढं मोठं. उणे ८ चं गाणं उणे १६ च्या गाण्यापेक्षा ८ डेसिबलनं मोठं आहे. १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट, त्यामुळे ८ चा फरक दचकवणारा आहे.

आता हे जुळवायचं कसं? मोह होतो तो लहान आवाजाच्या गाण्याला वर ओढायचा. पण त्याचं शिखर आधीच उणे १ डेसिबलवर असेल, तर २ डेसिबल वाढवताच लाटांची टोकं छाटली जातात आणि आवाज चिरकतो. त्यापेक्षा मोठ्या गाण्यांना खाली आणा. मिक्समधलं सर्वात मऊ गाणं उणे १६ असेल तर सगळी उणे १६ ला आणून ठेवा. ऑडॅसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा पर्याय आहे. त्यात सुरुवातीला उणे २३ भरलेलं असतं, ते बदलून हवा तो आकडा घाला. पूर्ण मिक्स तयार झाल्यावर जागा उरली असेल तर एकदाच सगळ्याला थोडं वर न्या, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण दाबलेल्या फाइलमधून आवाज परत उभा होताना टोकं थोडी वर सरकतात.

इथवर केलं तरी सांधा खटकू शकतो, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. वरचा आकडा अख्ख्या गाण्याची सरासरी आहे. त्या मोजणीत अगदी शांत भाग वगळलेही जातात. पण एखादं गाणं दोन मिनिटं नुसत्या पियानोवर चालतं आणि मग पूर्ण वाद्यवृंद उसळतो. त्याची सरासरी उणे १६ असली तरी सुरुवात उणे २४ ची असेल. तुमचा सांधा सुरुवातीला आहे, सरासरीला नाही. म्हणून सर्व गाणी एका आकड्याला आणल्यावर प्रत्येक सांध्यापाशी जाणाऱ्या गाण्याचे शेवटचे २०-३० सेकंद आणि येणाऱ्याचे पहिले २०-३० सेकंद वेगळे मोजा. लाउडनेस मीटरवर तीन सेकंदांच्या खिडकीचा ‘शॉर्ट टर्म’ आकडा असतो, तो इथे कामाचा. फरक ३-४ डेसिबलपेक्षा जास्त असेल तर एन्व्हलप टूलनं (हव्या त्या जागी पातळी वरखाली करायचं साधन) येणाऱ्या गाण्याची सुरुवात थोडी उचला आणि पुढच्या एका कडव्याच्या अवधीत हळूहळू मूळ पातळीला सोडा. इतक्या सावकाश झालेला बदल कानाला कळत नाही.

तपासताना आवाज लहान ठेवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं की आवाज मोठा असला की कानाला खालचे आणि वरचे सूर तुलनेनं भरघोस ऐकू येतात. म्हणून मोठ्यानं ऐकलं की सगळंच चांगलं वाटतं आणि सांध्यातली चूक झाकली जाते. बोलण्याच्या आवाजाएवढ्या पातळीला जो सांधा नीट वाटतो, तो कुठेही नीट वाटतो.

लय

लय बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती मात्रा. इथे मात्रा म्हणजे पायानं आपसूक धरला जातो तो ठोका. ६० ला बीपीएमनं भागलं की एका मात्रेचा काळ मिळतो. १२० ला अर्धा सेकंद.

हातानं मोजायचं तर ३३ ठोके धरा आणि पहिल्यापासून तेहतिसाव्यापर्यंतचा वेळ घ्या. ठोके ३३, पण मधली अंतरं ३२. ३२ ला ६० नं गुणून सेकंदांनी भागा. १७.८ सेकंद आले तर १०७.९ बीपीएम. इथे एक चूक वारंवार होते: ३२ ठोके मोजायचे आणि अंतरंही ३२ धरायची. तेवढ्यानं १०७.९ चे १११.४ होतात, आणि मग दोन गाणी का पळतायत ते कळत नाही.

सॉफ्टवेअर हे काम पटकन करतं, पण दोन ठिकाणी हमखास चकतं. संथ गाण्याला ते दुप्पट वेग देतं किंवा जलद गाण्याला निम्मा, म्हणजे ७२ चे १४४ दाखवतं. हे निरुपद्रवी आहे; ७२ आणि १४४ ची गाणी एकमेकांत व्यवस्थित बसतात. दुसरी चूक सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्याची. तिथे ८० चं गाणं १२० दाखवलं जातं, आणि आकड्यावर विसंबून ते चार मात्रांच्या १२० च्या गाण्याला जोडलं तर ठोके एकमेकांत अडखळतात. आकडा घ्या, पण पायानं एकदा खात्री करा.

फरक किती चालतो? १२४ आणि १२५ मध्ये एका मात्रेला ३.९ मिलिसेकंदांचा फरक पडतो. नगण्य वाटतो, पण तो साठत जातो: ८ मात्रांत ३१ मिलिसेकंद. २०-३० मिलिसेकंदांच्या पुढे एका ठोक्याचे दोन ऐकू येऊ लागतात. म्हणजे १६ सेकंदांचा सांधा हवा असेल तर एका बीपीएमचा फरकही ठेवता येत नाही, लय दशांशापर्यंत जुळवावी लागते. उलट सांधा चारच मात्रांचा असेल तर एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. कुठे मेहनत करायची हे यावरून ठरवा.

लय बदलायचे मार्ग दोन. नुसता वेग बदलला तर सूरही सरकतो. ६ टक्के वेग वाढला की सूर जवळपास पूर्ण अर्ध्या स्वरानं चढतो. सूर तिथेच धरून फक्त लय बदलायची सोयही असते, तिला डीजे सॉफ्टवेअरमध्ये की-लॉक म्हणतात आणि ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’. त्यात सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे पाडून ते ताणतं किंवा एकमेकांवर चढवतं, त्यामुळे ढोलाचा ठोका मऊ पडतो आणि शब्दांची व्यंजनं पसरतात. गाणाऱ्याचा आवाज असलेल्या गाण्यात ४ टक्क्यांच्या पुढे न गेलेलं बरं. १०० च्या गाण्यावरून ११२ वर जायचं असेल तर एकदम ओढू नका. मध्ये १०४ आणि १०८ ची गाणी शोधा. ती सापडत नसतील तर लय जुळवायचा हट्ट सोडा आणि पहिलं गाणं पूर्ण संपू देऊन दुसरं स्वच्छ सुरू करा. असा साधा विराम ताणलेल्या सांध्यापेक्षा नेहमीच चांगला.

क्लिकशिवाय, म्हणजे कानात यंत्राचा ठोका न ठेवता, वाजवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये लय स्थिर नसते. मुखडा ९६, अंतऱ्यात ९९, शेवटी १०१. ही वादकांची चूक नव्हे, गाणं तसंच श्वास घेतं. पण एकच बीपीएम धरून आखलेली ठोक्यांची जाळी अशा गाण्यात मिनिटभरातच सुटते. सांधा जिथे आहे त्याच भागाची लय मोजा आणि तेवढाच तुकडा जुळवा. अख्खं गाणं यंत्राच्या लयीत ठोकून बसवू नका, त्यातला जीव जातो.

लय जुळली, आता जागा. बहुतेक गाण्यांत वाक्यं चार मात्रांच्या आठ आवर्तनांची असतात, म्हणजे ३२ मात्रा. १२० बीपीएमला १६ सेकंद. येणाऱ्या गाण्याची पहिली सम जाणाऱ्या गाण्याच्या वाक्याच्या पहिल्या समेवर टाका. दोन मात्रा पुढेमागे झालं तर ठोके जुळलेले असूनही मिक्स अडखळल्यासारखा वाटतो. आणि एक नियम अजिबात मोडू नका: दोन गाणारे आवाज एकमेकांवर येऊ देऊ नका. वाद्यांवर वाद्यं चालतात, वाद्यांवर शब्द चालतात, पण शब्दांवर शब्द आले की दोन्ही गाणी हरवतात.

पट्टी

लय जुळूनही सांधा बेसूर वाटला तर कारण पट्टी. डीजे मंडळी यासाठी कॅमलॉट चक्र वापरतात: १ ते १२ आकडे, प्रत्येकाला दोन बाजू, मायनरला ए आणि मेजरला बी (मेजर आणि मायनर हे पाश्चात्त्य पट्ट्यांचे दोन प्रकार). सी मेजर ८बी, त्याचाच जोडीदार ए मायनर ८ए. शेजारचा आकडा म्हणजे पंचमाचं अंतर: ८बी च्या पुढे ९बी जी मेजर, मागे ७बी एफ मेजर. बाराच्या पुढे पुन्हा एक.

हे चालतं कारण ८ए आणि ८बी यांचे सातही स्वर एकच आहेत, आणि शेजारच्या आकड्यांत सातातले सहा स्वर समान असतात. तोच आकडा, एक पुढे, एक मागे किंवा त्याच आकड्याची दुसरी बाजू, एवढ्या उड्या निर्धास्त घ्या. दोन आकडे पुढे गेलं की पट्टी पूर्ण एका स्वरानं चढते आणि पाच स्वर समान राहतात. मिक्सला उचल द्यायची असेल तेव्हा ही उडी छान वाटते, पण सांधा लहान ठेवा. समोरासमोरचे आकडे, जसे ८ आणि २, टाळा.

पट्टी ओळखणारं सॉफ्टवेअर षड्ज आणि पंचम यांत गोंधळतं, मेजर-मायनर जोडीतही गोंधळतं. म्हणून दोन्ही गाण्यांचा सा गुणगुणून बघा. पहिल्या गाण्याचा सा धरून ठेवत दुसरं लावलं आणि तो सा तिथे कुठेच टेकत नसेल, तर आकडा काहीही म्हणो, सांधा बसणार नाही.

आकडे जुळतात, सा टेकतो आणि तरी आवाज थरथरतो, असंही होतं. तेव्हा एक रेकॉर्डिंग प्रमाणापेक्षा किंचित चढं आहे. प्रमाण ए म्हणजे ४४० हर्ट्झ. टेप जरा वेगानं चालल्यामुळे तो ४४७ झाला असेल तर फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे चौथाईएवढाच, पण दोन्ही स्वर एकत्र वाजले की सेकंदाला सात हेलकावे ऐकू येतात. इथे की-लॉक बंद करून वेगच १.६ टक्क्यांनी कमी करा, सूर जागेवर येतो. लयही तेवढीच कमी होते, म्हणून ही दुरुस्ती लय जुळवायच्या आधी करायची.

सांध्यात एका बाजूला नुसता ताल असेल तर पट्टीची काळजी करू नका. पट्टीवर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात.

प्रत्यक्ष जोडणी

एक गाणं उतरतं, दुसरं चढतं, याला क्रॉसफेड म्हणतात. सरळ रेषेत उतरवलं-चढवलं तर मध्यावर दोन्ही निम्म्या लाटेवर असतात, प्रत्येक ६ डेसिबलनं खाली. दोन वेगळी गाणी एकत्र आली की बेरीज फक्त ३ डेसिबलची होते, म्हणून मध्यभागी आवाज ३ डेसिबलनं खचतो. तो खड्डा ऐकू येतो. उपाय म्हणजे समान शक्तीचा वक्र, ज्यात मध्यावर दोन्ही ३ डेसिबलनंच खाली असतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट गेन’ आणि ‘कॉन्स्टंट पॉवर’ असे पर्याय दिसतात. वेगळ्या गाण्यांसाठी पॉवर, एकाच रेकॉर्डिंगचे दोन तुकडे जोडताना गेन.

खालच्या सुरांना मात्र क्रॉसफेड पुरत नाही. दोन बास एकत्र आले की गढूळपणा येतो, आणि दोन्ही ढोलांच्या लाटा उलट्या पडल्या तर ठोका चक्क नाहीसा होतो. येणारं गाणं आणताना इक्वलायझरनं (वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन) त्याचा २०० हर्ट्झच्या खालचा भाग पूर्ण काढा. वाक्य बदलतं त्या समेवर जुन्या गाण्याचा बास काढा आणि त्याच क्षणी नव्याचा द्या. ही अदलाबदल एका मात्रेत व्हायला हवी. हळूहळू केली तर तोच गढूळपणा परत येतो. एवढी एक गोष्ट शिकली तरी मिक्स ऐकणाऱ्याला फरक जाणवतो.

सॉफ्टवेअरमधला प्रकल्प ३२ बिट फ्लोट या आकडे साठवायच्या पद्धतीत ठेवलात तर बांधताना पातळी शून्याच्या वर गेली तरी आत काही बिघडत नाही. छाटणी होते ती बाहेर काढताना. म्हणून बाहेर काढायच्या आधी शिखर बघा.

मिक्स पाठवताना

मिक्स तुकडे करून एमपीथ्रीत पाठवू नका. एमपीथ्री १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत साठतो आणि सुरुवातीला-शेवटाला थोडी शांतता चिकटते. प्लेअरनं ती वगळली नाही तर प्रत्येक सांध्यात बारीक उचकी लागते. एकच फाइल द्या आणि सोबत क्यू फाइल. तिच्यात प्रत्येक गाण्याची सुरुवात मिनिट, सेकंद आणि फ्रेममध्ये लिहितात. फ्रेम सेकंदाला ७५ असतात, १०० नव्हेत. अर्धा सेकंद लिहायला ५० टाकलं तर गाणं ०.१७ सेकंद उशिरा सुरू होतं.

यादीत वेळ, गायक, गाणं, कोणतं रेकॉर्डिंग आणि मूळ लांबी एवढं लिहा. ‘२३:४० ला कोणतं गाणं आहे?’ हा प्रश्न नाहीतर येणारच, आणि गाणं ओळखणारं अ‍ॅप तिथे मदतीला येईलच असं नाही. ही अ‍ॅप्स ध्वनीच्या आलेखातली ठळक टोकं आणि त्यांच्यामधली अंतरं जुळवतात. तुम्ही लय पाच टक्क्यांनी बदलली, सूर सरकवला किंवा वर दुसरं गाणं चढवलं की ती अंतरं बदलतात आणि ओळख पटत नाही. विचारणाऱ्याला सांधा संपल्यानंतरचा, एकटं गाणं वाजत असलेला तुकडा ऐकवायला सांगा.

सार्वजनिक ठिकाणी मिक्स चढवणं हा हक्कांचाही प्रश्न आहे. काही सेवांचे मिक्ससाठी परवाने असतात, काही ठिकाणी स्वयंचलित तपासणी गाणं ओळखून मिक्स अडवते किंवा तेवढा भाग मूक करते. हक्क नसतील तिथे नुसती यादी आणि सांध्यांच्या वेळा दिल्या तरी ऐकणाऱ्याला पुष्कळ मिळतं.

शब्द नेमके काय आहेत

शब्दांवरून होणाऱ्या वादांतही मोजता येण्याजोगी कारणं असतात. ‘इ’ आणि ‘उ’ ओळखू येतात ते सुमारे ३०० हर्ट्झच्या आसपासच्या गुंजनामुळे, ‘आ’ ७०० च्या वरच्या. गायिकेचा सूर ८००-९०० हर्ट्झवर गेला की त्या जागी ध्वनीच उरत नाही ज्यानं ‘इ’ आणि ‘आ’ वेगळे पडतील. तिथे वाद घालून उपयोग नाही, माहिती रेकॉर्डिंगमध्येच नाही. व्यंजनांचं वेगळं: ‘स’, ‘श’ ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतात, आणि तिथेच झांजा वाजतात. ‘त’, ‘क’ हे क्षणभराचे फटके. आधीच्या स्वराचा घुमारा त्यांना झाकतो. दाबलेल्या फाइलमध्ये सर्वात आधी जातं ते हेच.

म्हणून आधी चांगली फाइल घ्या. तीन-चार सेकंदांचा तुकडा फिरता ठेवा, सूर न बदलता लय ७५ टक्के करा, २०० हर्ट्झखालचं काढा, १ ते ४ किलोहर्ट्झ ४-५ डेसिबलनं उचला. आवाज वाद्यांपासून वेगळा करणारी मोफत साधनंही आहेत, जशी २०१९ मध्ये आलेलं स्प्लीटर किंवा डेमक्स. त्यांनी काढलेल्या आवाजात कधी कधी व्यंजनं खाल्लेली असतात, तेव्हा शेवटचा निर्णय मूळ रेकॉर्डिंग ऐकूनच करा.

चाहत्यांनी मिळून शब्द शोधताना एक पथ्य फार मोलाचं आहे: विचारताना स्वतःचा अंदाज लिहू नका. एकदा ओळ वाचली की कान तीच ओळ ऐकतो, मग दहा जणांनी होकार दिला तरी तो पुरावा नव्हे. ‘१:४२ ते १:४६ काय ऐकू येतं?’ एवढंच विचारा, प्रत्येकानं न बघता लिहावं, मग ताडून पाहावं. उरलेल्या पर्यायांत मात्रा आणि यमक कोणाचं बसतं ते बघा. अल्बमसोबत छापलेले शब्दही अंतिम मानू नका. गाताना बदल होतात. आणि गीताचे हक्क गीतकाराचे असतात, चर्चेला लागतील तेवढ्या ओळीच उद्धृत करा.

शब्द गाण्यासोबत पडद्यावर हवे असतील तर एलआरसी फाइल. साधी मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीच्या आधी चौकोनी कंसात मिनिट, अपूर्णविराम, सेकंद, टिंब आणि शतांश. हे आकडे इंग्रजीच ठेवा, देवनागरी आकडे प्लेअर वाचत नाहीत. ओळी खुशाल देवनागरीत. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ऐकत ऐकत बटण दाबून वेळा नोंदवल्या तर हाताला ०.२ ते ०.३ सेकंद उशीर होतो आणि वाचणाऱ्याला ओळ गाण्याच्या किंचित आधी दिसायला हवी असते. म्हणून सगळ्या वेळा अर्ध्या सेकंदानं अलीकडे घ्या. त्यासाठी फाइलच्या वर ऑफसेटची खूण असते, आकडा मिलिसेकंदांत. तिच्या अधिक-उण्याचा अर्थ काही प्लेअर उलटा लावतात, तेव्हा एकदा वाजवून बघा. सगळ्या ओळी सारख्याच सेकंदांनी चुकत असतील तर ऑफसेट बदलून भागतं. चूक मध्येच सुरू होत असेल, समजा दुसऱ्या कडव्यापासून पुढे आठ सेकंदांची, तर समोरच्याकडे कापलेली आवृत्ती आहे. त्याला लांबी विचारा.